पेटीला दमट हवा मानवत नाही

मालकांची बाजाची पेटी मी वर्षभर चुकीच्या रीतीनं दुरुस्त केली.

"मास्तर, तुझ्या हातातच खोट हाय," मालक ओसरीवर चार माणसांत म्हणाले. "चांगली बाहेरून मागवलेली पेटी. तू हात लावायलास आन् ती बेसूर व्हायलीय."

माणसं हसली. मीही हसलो. हसणाऱ्यांत आपणही शिरलं की अपमान वाटला जातो, आपल्या वाट्याला कमी येतो, असा माझा हिशेब होता. हिशेबात मी कच्चा. "चुकलं मालक," म्हणालो आणि पेटी उघडून बसलो.

मालक मला मास्तर म्हणायचे आणि अरेतुरे करायचे. दोन्ही एका दमात.

मी मांगाचा. बाप सनई वाजवायचा. मी नाटक कंपनीत पेटी वाजवत गुलबर्ग्यापर्यंत फिरलो. घरी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा कंपनी सोडून औरादला आलो. आई, बायको, पोर शेवंता. या तिघींच्या तोंडात घास पडावा, बाकी गाण्याचं गाण्यापाशी. निजाम गेला होता, रझाकार गेले होते, शिवाशिव कायद्यानं गेली होती. शाळेत मला गाण्याचा मास्तर नेमलं. पण शाळा चालायची मालकांच्या शब्दावर. म्हणून शाळा सुटली की मालकांच्या पोरीला, सुलूला, शिकवायला जायचं. बोलायचं नाही, जायचं.

मी ओसरीवर. पेटी माझ्यापुढं. सुलू उंबऱ्याच्या आत. सूर उंबरा ओलांडून जायचा, मी नाही. मला वाटायचं, गुरूला मोकळी हवा मिळावी म्हणून ही सोय!

पेटीच्या आत पितळी जिभा असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. दर खेपेला त्या हिरव्या पडलेल्या. मी ब्लेडनं हलकेच खरवडायचो, फुंकायचो, जुळवायचो. पुढच्या खेपेला पुन्हा हिरव्या. भात्याचं कातडंही फुगलेलं. मी गंभीर चेहरा करून निदान सांगितलं, "पेटीला दमट हवा मानवंना मालक. चुलीजवळ ठेवत जावा." औरादला दमट हवा! जिथं पिण्याच्या पाण्यासाठी बाया कोसभर चालतात, तिथं मी दमट हवा शोधून काढली.

एकदा शेवंता सोबत आली. सुलूचं गाणं तिनं ओसरीखाली उभं राहून ऐकलं. शिकवणी संपल्यावर कौतुकानं पुढं झाली आणि पेटीचं झाकण तिनं लावलं. आम्ही निघालो. वेशीपर्यंत आलो तेव्हा ध्यानात आलं, टोपी राहिली. परत फिरलो.

ओसरीवर मालकांची आई, अक्का, तांब्या घेऊन बसलेली. पेटीचं झाकण उघडं. पट्ट्यांवर गोमूत्र ओतत होती. शिंपडत नव्हती. ओतत होती, सढळ हातानं.

मी बघत राहिलो.

"काय बघायलास?" अक्का म्हणाली. लाजली नाही, दचकली नाही. "दर खेपेला करावंच लागतंय. आज तुझ्या पोरीनं बी हात लावला. म्हणून दुसरा तांब्या."

आत सुलू गुणगुणत होती. मीच शिकवलेली चीज. माझ्या गळ्यातली हरकत जशीच्या तशी तिच्या गळ्यात. तिच्या गळ्यात कुणी तांब्या ओतला नाही.

"अप्पा, पेटी कामून धुवायल्यात?" शेवंतानं विचारलं.

"धूळ बसतीय गं," मी म्हणालो.

तिनं स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले. मग परकराला पुसले. पुन्हा पाहिले. पुन्हा पुसले. कुठं काय लागलंय ते तिला सापडेना.

तिथं माझं सगळं हसू संपलं.

पुढच्या आठवड्यात गुलबर्ग्याहून सुलूला बघायला पाहुणे आले. पोरीनं गाऊन दाखवायचं होतं आणि पेटीतून नुसती हवा निघत होती. मालकांनी माणूस धाडला. मी गेलो. अंगणातच उभा राहिलो.

"बस. सूर लाव," मालक म्हणाले.

"न्हाई मालक."

"न्हाई?"

"मी हात लावला की अक्का गोमूत्र ओतणार. ओतलं की सूर सडणार. पेटी माझ्या हातानं न्हाई, तुमच्या सोवळ्यानं मेली." घाबरलो की माझा आवाज चढतो, तो पाहुण्यांच्या पार शेवटच्या तक्क्यापर्यंत गेला.

"शाळेत कुणी लावला तुला?"

"तुमी. काढा."

वळलो ते मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित माफी मागितली असती. मी मला ओळखतो.

घरी आलो. बायको भाकरी थापत होती. शेवंताला जवळ घेऊन मी छाती काढून सगळं सांगितलं. म्हणालो, आता कुणाच्या ओसरीवर बसणार नाही. शाळा गेली तर जाऊ दे, दगड फोडीन. ज्याला गाणं शिकायचंय त्यानं या घरात यायचं, या घोंगडीवर बसायचं, या मडक्यातलं पाणी प्यायचं. मग तोंड उघडायचं. कुणी आलं नाही, तर एकट्या शेवंताला शिकवीन.

बायकोनं भाकरी उलटली.

"तुमी उठून आलाव की ती म्हातारी तुमी बसलेली जागा रोज सारवायची. साऱ्या गावाला ठावं हाय. पेटी सडली न्हाई अन् पोरीनं हात पुसले न्हाईत, तोवर तुमाला राग आला न्हाई. नुसता तुमचाच इटाळ धरला असता, तर आणखी धा वर्सं बसला असताव."