पाठीवरचा बॉल

नागपूरच्या डॉक्टरांनी नवऱ्याची पडजीभ कापली आणि ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमधलं घोरणं थांबलं. वरच्या मजल्यावरच्या बाई तर पेढे घेऊन आल्या. पेढे मी खाल्ले. पण झोपेत ह्यांचा श्वास अडकणं तसंच होतं. आधी निदान घोरणं थांबलं की कळायचं. आता श्वास चालू तरी शांत, बंद तरी शांत. मी नाकाखाली बोट धरून बसायची.

डॉक्टरांना पुन्हा विचारलं. म्हणाले, उताणं झोपू देऊ नका, बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात बॉल ठेवा. एवढं ऑपरेशन करून शेवटी बॉल! चंद्रपूरहून आणला, खिसा शिवला. ह्यांनी बनियन उलटं घातलं, बॉल छातीवर घेतला आणि उताणे पसरले.

"श्वास बंद पडते तुमचा," मी म्हटलं.

"काई बी सांगतं तू! मी होतो नं तिथीच. मले त काई दिसलं नाई."

हे वीज केंद्रात ऑपरेटर. लॉगबुकात लिहिलेलं आणि खाली सही असलेलं तेवढंच ह्यांच्यासाठी खरं. म्हणून रात्रपाळी करून हे दुपारी झोपले, तेव्हा मी ह्यांच्या सुट्टीवरच्या सोबत्याला बोलावलं. तो वही घेऊन खाटेजवळ बसला. अर्धा चहा झाला असेल, तोच श्वास अडकला. छाती हलत होती, हवा जात नव्हती. तो भला माणूस बशी खाली ठेवून उभाच राहिला.

"वहिनी, उठवू काय? वहिनी!"

"आधी लिहा," मी म्हटलं.

तेवढ्यात हे घुसमटून हलले आणि पुन्हा झोपले.

उठल्यावर ह्यांनी वही वाचली. 'दोन वाजून दहा मिनिटे. श्वास बंद. आवाज नाही. वहिनी हजर.' अशा पानभर नोंदी, प्रत्येकीखाली सही. सोबती गेल्यावर ह्यांनी बनियन काढून सरळ घातलं. मला भयंकर राग आला. इतके महिने मी हेच सांगत होते!

"प्लांटात पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर कोनी खुर्ची सोडत नाई," हे हळूच म्हणाले. "तुले कोन रिलीव्हर होता वं?"

"कोणी नाही."

"झोप मंग. मी बसतो."

खुर्चीत बसल्याबसल्या दोन मिनिटांत ह्यांचा डोळा लागला. मी नाकाखाली बोट धरलं. बसून झोपल्यावर श्वास नीट चालला होता. तशीच खाली सतरंजीवर आडवी झाले आणि खूप दिवसांनी झोपले.