टाके घातलेला पट्टा

भास्कर गेल्याचा फोन निंबोल्याहून आला, तेव्हा मी घराचा जिना चढत होतो. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. उरलेल्या पायऱ्या मी उगाच सावकाश चढलो... त्याला जिना चढून किती वर्षं झाली होती, ते आठवलं म्हणून.

शाळेच्या खो-खो संघात तो हिरा आणि मी राखीव. अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी, सरावात वळताना त्याचा उजवा गुडघा फिरला. लिगामेंट हा शब्द तेव्हा कोणाला ठाऊक होता! हळद-चुन्याचा लेप झाला, एवढंच. त्याच्या जागी मी खेळलो, शेवटचा गडीही मीच टिपला. संध्याकाळी अख्खा संघ माव्याची जिलेबी घेऊन गेला तो भास्करच्याच घरी. ‘भास्कर असता तर डाव राखून जिंकलो असतो,’ सर म्हणाले. पुढची चाळीस वर्षं मी हेच ऐकत आलो. न खेळलेल्या सामन्यात माणूस कधी हरत नाही. जळायचो मी त्याच्यावर.

गुडघा मात्र त्याला सोडेना. आधी केळीच्या बागेत चालता चालता दगा द्यायचा, मग सुजायला लागला, मग वाकेनासा झाला. एक लिगामेंट तेव्हाच तुटलं होतं, बाकीची भार सोसून झिजली, असं डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. मांडी वाळत गेली. गुडघ्याचा पट्टा ढिला झाला की सुमनवहिनी त्याला आतून टाके घालायच्या. मी गेलो की तो खाटेवरून म्हणायचा, “यार, खो मिळाल्यासारखा उठून दाखव ना जरा.” मी उकिडवा बसून झटक्यात उठायचो. “घुटने सलामत आहेत तुझे,” तो म्हणायचा. तेवढ्यापुरता मी जिंकायचो... लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

शाळेतल्या शोकसभेत पुन्हा तेच, भास्कर खेळला असता तर! प्रत्यक्ष खेळलेला मी फोटोला हार घालून मागे जाऊन बसलो.

परवा वहिनींनी तो पट्टा माझ्या हातात ठेवला. “तुम्हीच ठेवा, भाऊजी. तुम्ही उठून दाखवून गेले ना, की दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत ते.”

घरी येऊन पट्टा उलटा केला. आत एकापुढे एक टाक्यांच्या रांगा होत्या. पायात घालून पाहिला, तर पोटरीवरच अडकला.