यंत्राचं मनगट

आईचं पोटाचं ऑपरेशन ज्या रोबोटिक यंत्राने झालं, त्याची अवजारं धुतात ती खोली सिस्टरनी मला काचेतून दाखवली. हातभर लांब दांडी, टोकाला करंगळीच्या नखाएवढा चिमटा आणि त्याला चक्क मनगट! आतली बाई ते मनगट पाण्याखाली वळवत, उघडत, मिटत ब्रशने घासत होती. पोटात ते जसं वळलं, तसंच इथेही वळवायचं. नाहीतर सांध्यात रक्त दडून राहतं. तिने भिंगातून पाहिलं आणि ते पुन्हा पाण्यात धरलं.

"स्वच्छ दिसतंय की!" मी म्हणाले.

"दिसून काय उपयोग? उद्या दुसऱ्या कुणाच्या पोटात जायचंय ते," सिस्टर म्हणाल्या.

आईच्या आधी ते कुणाच्या पोटात होतं, मला ठाऊक नाही. त्या अनोळखी माणसाच्या रक्ताचा कणही आईपर्यंत पोचला नव्हता.