चाचांची गाठ

वणीत वारा कुठून येतोय हे कोणाला विचारावं लागत नाही. कोळशाची धूळ ज्याच्या घरात शिरते त्याला ते आपोआप कळतं. पण आमचे चाचा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे, टोपी काढायचे, मान मागून ओली करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पाठीमागे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. "पश्चिमेचा हाये," चाचा जाहीर करायचे, "दुपारून वाढन." मग सावकाश बाजूला व्हायचे. या गावातून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस गाडीत काढावा लागतो. इथे या माहितीचं करायचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, जहाजवाले चाचा.

धंदा ताडपत्रीचा. कोळशाच्या ट्रकवर जी ताडपत्री ताणून बांधतात ती शिवायची, फाटली तर ठिगळ लावायचं, आणि नव्या ड्रायव्हरला बांधूनही दाखवायची. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा पस्तिशीची होते. नवरा खाणीत, पोरगी दहावीत, आणि वणीत आपल्याइतकी हुशार बाई दुसरी नाही असा माझा पक्का समज. शिवणाच्या परीक्षेत एकदा पहिला नंबर आला होता, एवढाच त्याला आधार. सकाळी मी "सलाम चाचा" म्हणत असे, ते "जयभीम बेटी" म्हणत, आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं जाड कापडाला सुया टोचत बसत असू.

तरुणपणी चाचा मुंबईला एका नातेवाइकाकडे शिवणकामाला गेले होते. तिथे हौशी श्रीमंतांच्या शिडाच्या नावांची फाटलेली शिडं दुरुस्तीला येत. शिवलेलं शीड पोचवायला म्हणून ते एकदा धक्क्यावर गेले आणि बारा वर्षं तिथलेच झाले. वडील वारले, दुकानाला माणूस हवा होता, तेव्हा परत आले. आले म्हणजे अंगानं आले.

"अनुभव मांगाले जाचं नाही, बेटी," ते सुईत दोरा ओवता ओवता सांगायचे. "अनुभव कोणी देत नाही. काम मांगाले जाचं." मी विचारायचे, कुठे जायचं? मग त्यांचा पाठ सुरू व्हायचा. रविवारी नावांची शर्यत असते. सातच्या आत धक्क्यावर हजर व्हायचं. बूट पांढऱ्या तळव्याचे, कारण काळ्या तळव्याचा डाग नावेवर पडला की मालक पुन्हा उभं करत नाही. डबा दोन माणसांचा न्यायचा. "कोणाचा ना कोणाचा माणूस येतच नाही. मंग मालक इकडंतिकडं पाह्यते. तवा आपण त्याच्या डोयापुढं पाह्यजे."

"अन म्हणाचं काय?"

"वजन म्हणून घ्या, म्हणाचं."

वाऱ्यानं नाव एका अंगाला कलते, तेव्हा वर उचललेल्या काठावर माणसं बसवून तोल राखतात. त्या जागेला अक्कल लागत नाही, बूड लागतं. "पयले कोणी माणूस म्हणून घेत नाही," चाचा म्हणायचे. "वजन म्हणून घेते. माणूस आपण मंग होतो." मी तेव्हा कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखी होते. दुसऱ्या दिवसापासून चाची माझ्यासाठी दोन भाकरी जास्तीच्या पाठवू लागल्या. आज चाचा मला बघून खूश झाले असते. आता मी दोन नावांना पुरेन.

त्याच वर्षी पावसाळ्यात मुंबईच्या जुन्या मालकाचा फोन आला. दिवाळीनंतर एक नाव समुद्रातून गोव्याला पोचवायची होती. पगार नाही, जेवण आणि परतीचं तिकीट. चाचांनी यावं आणि सोबत कामाचे दोन हात आणावेत, असं त्यानं सांगितलं होतं. चाचांना साठी लागली होती, डाव्या डोळ्यात पडदा उतरत होता. मरायच्या आत एकदा परत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी एकच शिवण तीनदा उसवली.

"बेटी, समुद्र पाह्यला का?"

"फोटोत पाह्यला."

"मंग चाल."

माझ्या नवऱ्याला ते स्वतः येऊन विचारून गेले. चाचीही मुंबईपर्यंत सोबत येणार होत्या. नवरा म्हणाला, "मी रोज जमिनीच्या खाली जातो. तिले जाऊ द्या पान्याच्या वरतून." झालं. मी गल्लीत चालायचीच बंद झाले, तरंगायला लागले. नळावरच्या बायकांना मी गोव्याच्या लाटा समजावून सांगितल्या. भाजीवालीला उत्तर दिशा कुठली ते दाखवलं, तीही चुकीची.

मुकुटबनच्या रस्त्याला एक तलाव आहे. तिथे चाचांनी डिझेलचे चार रिकामे ड्रम बांधून वर बांबूची चौकट केली, मधोमध एक उंच बांबू रोवला आणि हिरव्या ताडपत्रीचं शीड चढवलं. दर रविवारी आमची शाळा तिथे भरायची. घरी आल्यावर चाचा एका वहीत लिहायचे, वारा कुठला, किती वेळ, मी काय शिकले. ही वही मालकाला दाखवायची होती. नवख्या माणसाची वहीच त्याच्या बाजूनं बोलते, असं ते म्हणायचे.

आणि शिकण्यासारखं मुख्य एकच होतं. "ट्रकवर वारा आला का आवयाचं. नावेवर वारा आला का सोडाचं. मले हे समजाले वर्ष गेलं. डोस्कं लवकर शिकते, हात लय अडाणी असतेत." शिडाची दोरी ट्रकसारखी आवळून कुठेही बांधायची नाही, हातात धरायची, म्हणजे जोराचा झोत आला की लगेच ढिली करता येते. मी मान डोलवायचे. डोलवायला मला नेहमीच छान जमलं.

सहाव्या रविवारी माझे हात भरून आले. चाचा पलीकडच्या काठाकडे बघत होते. मी दोरी बांबूला बांधून टाकली, तीही ट्रकवाली गाठ मारून. चाचांनीच शिकवलेली, जितकी ताणाल तितकी घट्ट बसणारी. शीड ताठ, हात मोकळे. मुंबईच्या त्या मालकाला आता आपणच चार गोष्टी शिकवाव्यात, असं माझ्या मनात येत होतं. खोटं कशाला सांगू, अगदी हेच येत होतं.

तेवढ्यात वारा आला.

"सोड," चाचा म्हणाले. ओरडले नाहीत. माझे हात दोरीकडे गेले आणि त्यांनी ती आवळली. आठ महिने तेच तर करत होते ते. चाचांनी वाकून गाठीत बोटं घातली, उकलायला. ड्रम एका बाजूनं उचलले गेले आणि सगळं उलटलं. पाणी छातीइतकंच होतं. बुडण्याची शोभाही नशिबात नव्हती. मी उभी राहिले तेव्हा चाचा बांबूला लटकून होते, आणि त्यांची दोन बोटं अजून त्या गाठीत होती. गाठ सुटली नव्हती. बांबू तासायच्या कोयत्यानं मी दोरी कापली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ती बोटं गेली. उजव्या हाताची, सुई धरायची.

चाचा घरी आले तेव्हा अर्धी गल्ली त्यांच्या अंगणात जमली होती. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "चाचा, झालं काय?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "ड्रमची माही गाठ सुटली, दोरीत बोटं गेली," ते म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय." मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं होतं, गाठ सुटली, चूक माझी. मी म्हटलं, "चाचा, असं कायले लिवलं?"

"मालक वाचन ना. वारा आल्यावर आवयते, अशी बाई कोण घेईन? मी तं आता जात नाही. तू जाशीन."

ताडपत्रीवाल्याचं नाव त्याच्या गाठीवर चालतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पाण्यावर ज्याची गाठ सुटली त्याच्या भरवशावर भरला ट्रक कोण सोडणार? ड्रायव्हर एकेक करून पलीकडच्या दुकानात जाऊ लागले. मी एक वाक्य बोलले असते तर ते थांबले असते. पण मग नवऱ्याला कळलं असतं, सासूला कळलं असतं, नळावर कळलं असतं. ज्या बाईनं गोव्याच्या लाटा समजावून सांगितल्या तिनं तलावात नाव उलटवली, हे मला सोसलं नसतं. चाचांची दोन बोटं मात्र मी सहज सोसली.

निघायच्या दिवशी चाचा मला बसस्टँडवर न्यायला घरी आले. हातात माझ्यासाठी शिवलेली पिशवी होती, डाव्या हाताचे वाकडेतिकडे टाके. मी म्हटलं, सासूला बरं नाही, जमत नाही. सासू त्यांच्या मागे ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. चाचांनी वळून विचारलं, "तब्येत कशी हाये, बाई?"

"मले काय धाड भरली?" सासू म्हणाली.

चाचांनी पिशवी दाराशी ठेवली. "वारा नसला तं निघू नाही, बेटी," म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर दुकानात ताडपत्री कमी, शाळेची दप्तरं जास्त येऊ लागली. तीही मीच शिवायचे. चाचा खुर्चीवर बसून दोरा ओवून द्यायचे, तेही चुकायचं. सकाळचं रस्त्यात उभं राहणं बंद झालं. एकदा मी मुद्दाम विचारलं, "चाचा, आज वारा कुठचा?"

"तुह्या नाकात धूळ जाऊन राह्यली ना," ते म्हणाले. "मंग तूच सांग."

ते वारले तेव्हा चाळिसाव्या दिवशी मी चाचींजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले मालूम हाये. झोपीत रोज सोड, सोड म्हनत. ज्याची गाठ सुटली तो मानूस सोड कायले म्हनन?" एक खडा वेचून बाजूला टाकला. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपले असते.

माझी नात आता मुंबईला नोकरी करते. परवा फोनवर म्हणाली, "आजी, मला शिडाच्या नावेवर शिकायचंय, पण नवीन माणसाला कोणी घेतच नाही." मी तिला सातची वेळ सांगितली, पांढरे तळवे, दोन माणसांचा डबा, आणि काय म्हणायचं तेही. रविवारी तिचा फोन आला. पहिल्याच दिवशी घेतलं होतं, वजन म्हणून. चाचांचं शिक्षण असं वाया गेलं नाही. फक्त चाचा वाया गेले.

गावानं त्यांची एक आठवण ठेवली आहे. वणीत अजून कोणी ढिली दोरी बांधली की म्हणतात, चाचाची गाठ मारली काय बे. म्हणणाऱ्यांना चाचा कोण तेही माहीत नाही. काल रस्त्यावर एक तरुण ड्रायव्हर ताडपत्री बांधत होता, क्लीनरनं त्याला तेच म्हटलं, दोघं हसले. मी थांबले. पिशवी खाली ठेवली, दोरी सोडली आणि ट्रकवाली गाठ मारून दिली. हात काही विसरलेले नाहीत.

"वा आजी," ड्रायव्हर म्हणाला, "कोनाकून शिकली?"

"चाचाकून," मी म्हटलं. "अन तलावावर त्याईची गाठ सुटली नव्हती. ते गाठ माही होती. सुटलीच नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. क्लीनर आमच्याच गल्लीतला, मला ओळखणारा. "तू नको आयकू," तो ड्रायव्हरला म्हणाला, "आजी लय मजाकी हाये." जन्मभर थट्टा करत आलेल्या बाईचं कोण खरं मानणार?

ट्रक गेला. चंद्रपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. वारा पश्चिमेचा होता, चांगला जोराचा. ताडपत्री जरासुद्धा फडफडली नाही.