बर्फातली पिवळी खिडकी

परवा घराला चुना द्यायला गडी आले. भिंतीवरच्या तसबिरी उतरवता उतरवता, ओल्या चुन्याच्या त्या उग्र वासात, माझं जुनं बर्फाचं चित्र हाती आलं.

भोर तेव्हा संस्थान होतं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर, आणि अंगात कलावंत असल्याची मस्ती. बर्फ पाहिलेला तो सरबतवाल्याकडचाच. पण विलायती बिस्किटांच्या डब्यावरची बर्फातली गल्ली मी कुंचल्याच्या जाड फटकाऱ्यांनी मोठी करून रंगवली होती. पांढरी वाट, वाकून चाललेली दोन-चार काळी माणसं, आणि एका बंद घराची पिवळी खिडकी. गावातले जाणते चित्राला नाक लावून बघत आणि विचारत, "मास्तर, पुरं कधी करणार?" हे लांबून पाहायचं असतं, हे सांगून कुणाला पटायचं नाही.

लांबून पाहिलं ते एकाच बाईनं. हिर्डोशीकडून दर बाजाराला ती आमच्याकडे नाचणी घेऊन येई आणि उंबऱ्याबाहेर थांबे. आत ये असं आम्ही कधी म्हटलं नाही. तिथून तिला समोरच्या भिंतीवरचं चित्र नीट दिसलं.

"चुन्याची फक्की टाकलीया," ती म्हणाली. "पिलेगात आमच्या गल्लीत अशीच टाकली व्हती. समदा गाव रानात झोपड्यांत गेला. माज्या पोरीला गाठ आलेली. धाकट्या दोगांना घेतलं, तिच्या उशाला दिवा लावला, अन् भायेरनं कडी घातली. म्याच घातली. रानातनं खिडकी दिसायची. तिसऱ्या सांजंला दिसली न्हाई." मग चित्राकडे बोट करून, "हितं अजून जळतोय, बगा."

त्यानंतर ती दर बाजाराला खिडकी बघून जाई. माझं पित्त खवळायचं. एवढा जीव ओतून काढलेला बर्फ, त्याचा हिनं चुना केला! एकदा पुण्याचे एक रसिक गृहस्थ बसले होते. त्यांनी तिला विचारलं, "काय दिसतं गं?" तिनं हात जोडून सांगितलं, "चुना." "मास्तर, तुमचा बर्फ नापास!" म्हणून ते खो खो हसले. त्याच आठवड्यात मी काळा रंग कालवला आणि खिडकी बुजवून टाकली.

पुढच्या बाजाराला तिनं पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि चित्राकडे पाहिलं.

"कवा इजला, मास्तर?"

"परवा," मी म्हणालो. मजेत म्हणालो, हे कबूल करायला हवं.

नाचणीची पाटी उंबऱ्यावर तशीच राहिली. ती न्यायलाही बाई परत आली नाही.

इतक्या वर्षांनी तो काळा रंग पापुद्र्यांनी सुटला आहे. जवळून नुसता पिवळा फटकारा. चित्र पुन्हा भिंतीला टेकवून ती उभी राहायची तिथं जाऊन मी उभा राहिलो, तर खिडकी लख्ख उजळलेली. सांगावंसं वाटलं, अगदी आतून वाटलं, की बाई, दिवा आहे गं अजून. ती आता कुठली असायला! आणि हाक तरी काय मारणार? तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. पोरीचंही नाही.