डोळे मिटून बसा

भरे फाट्यावरच्या त्या मेकॅनिकचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रोज हिंजवडीला बाइकवर जाऊन माझी मनगटं इतकी दुखायची, की गाडी विकायलाच काढली होती. विकण्याआधी ब्रेक नीट करून घ्यावा म्हणून त्याच्याकडे गेलो. मी मनगट चोळतोय हे त्याने पाहिलं आणि गाडी डबल स्टँडवर चढवली.

"बसा. डोळं मिटा आन् हात पुडं करा."

मी हळूच एक डोळा उघडून हँडल धरलं. त्याने पान्याने माझ्या हेल्मेटवर टकटक केलं.

"चोरून बघू नका, सायेब. डोळं उघडं आसलं की हात हँडलाच्या मागं जात्यात. मिटलं की खरं सांगत्यात."

पुन्हा मिटले. हात हँडलच्या दोन बोटं अलीकडेच थांबले. त्याने बोल्ट सैल केले, हँडल माझ्याकडे वळवलं, पुन्हा डोळे मिटायला लावले आणि मगच बोल्ट आवळले. मनगटं आठवड्यात गप्प झाली. गाडी विकायचं मीही सोडून दिलं.

परवा ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या, गंमत म्हणून डोळे मिटले आणि हात पुढे केले. कीबोर्डकडे ते गेलेच नाहीत. हँडल धरल्यासारखे हवेत थांबले.