भावाचं मानपत्र

मानपत्रं लिहिण्यात माझा हात बसलेला आहे. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, त्यामुळे पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या गावात कुणाचाही सत्कार ठरला की नाशिकला मला फोन येतो, ‘ताई, जरा चार ओळी लिहून द्या.’ मी देते. निवृत्त मुख्याध्यापक, परदेशी द्राक्षं पाठवणारे बागायतदार, पतसंस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांना दिली. त्या अध्यक्षांना मी ‘निःस्पृह’ म्हटलं होतं आणि लिहिताना एकटीच हसले होते. गेल्या वर्षी धाकट्या भावासाठी लिहायला बसले, तेव्हा मात्र नेहमीचा एकही शब्द कामाला येईना.

भाऊ सैन्यात अधिकारी होता. खूप वर्षांपूर्वी, डोंगराळ भागात नेमणूक असताना, त्याच्या हाताखालच्या एका ड्रायव्हरने तक्रार केली की ट्रकचे ब्रेक नीट लागत नाहीत. भावाने ती वर कळवली. वरिष्ठाने तरीही गाडी काढायला लावली. ट्रक दरीत गेला आणि ड्रायव्हर जागीच गेला. चौकशी बसली तेव्हा सगळ्यांच्या सोयीचं उत्तर तयार होतं, की ड्रायव्हरने बेफिकिरीने गाडी हाकली. मेलेला माणूस काही उठून बोलणार नव्हता. भावाने फक्त ‘मला आठवत नाही’ एवढं म्हणायचं होतं. ते त्याने म्हटलं नाही. तक्रार कुणी केली, कुणाला कळवली आणि हुकूम कुणी दिला, ते त्याने त्या वरिष्ठासमोर उभं राहून सांगितलं. ड्रायव्हरवरचा ठपका गेला. भावाला मात्र त्यानंतर बढती मिळाली नाही. कारण कुणी सांगत नसतं, यादीत नाव येत नाही इतकंच.

गावात यातलं एवढंच पोचलं की साहेबांची, म्हणजे माझ्या भावाची, चौकशी लागली होती. सुट्टीवर आलेल्या कुणीतरी ते सांगितलं आणि पुढचं गावाने आपल्या मनाने भरून घेतलं. आमच्याकडे चौकशी लागते ती पैसे खाल्लेल्याची. बाजार समितीच्या फाटकाजवळ चहाची टपरी आहे. कांद्याचा लिलाव आटोपला की वडील तिथे बसत. तिथे एकाने सगळ्यांदेखत विचारलं, ‘काय मग, मिटलं का साहेबांचं परकरण?’ वडील अर्धा चहा टाकून उठले. त्यानंतर ते त्या टपरीवर बसले नाहीत. ट्रॅक्टर घेऊन जायचे, माल द्यायचे आणि सरळ घरी यायचे.

भावाने हे सगळं मला निवृत्तीनंतर सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. मी त्याच आठवड्यात गावी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू बहीण हायेस, तू असंच म्हणणार. गाव बोललं व्हतं, गावानंच माघारी घ्यावं.” त्यांचं वय नव्वदीकडे झुकलं होतं. दुसरं काही त्यांनी आयुष्यात कुणाकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

आमच्या भागात कुणी जवान निवृत्त होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. उघडी जीप, फुलांच्या पाकळ्या, डीजे, दारोदार ओवाळणी, शेवटी देवळापुढे मांडव आणि मानपत्र. साध्या शिपायालाही हा मान मिळतो आणि मिळावाच. भाऊ परत आला तेव्हा मात्र कुणी जीपचं नाव काढलं नाही. मग मीच सत्कार समितीच्या अध्यक्षाला गाठलं. तो आमचाच चुलतभाऊ, हायवेवर त्याचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही सांगायला हवं. भाऊ आधी नाहीच म्हणत होता. वडिलांसाठी तयार झाला, पण घडलं तेवढंच लिहायचं, या अटीवर.

मी ते मानपत्र पुन्हा पुन्हा लिहिलं. ‘आपल्या सहकाऱ्याची त्याच्या मृत्यूनंतरही पाठराखण केली’ असं एक वाक्य होतं. माझ्या सगळ्या लिखाणात तेवढं एक खरं वाक्य असेल. पाठवून दिलं आणि बरं वाटलं.

मिरवणुकीच्या दिवशी आधी दिसला तो वेशीवरचा फ्लेक्स. भावाच्या फोटोमागे रणगाडा होता, विमानं होती आणि चहूकडे आगीचे लोळ. भाऊ जीपमध्ये उभा होता, अंगावर गणवेश, डोक्याला भगवा फेटा, चेहरा दगडी. वडील मांडवात पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीची टोपी घालून, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते.

मानपत्र वाचायला नाशिकहून निवेदक आणला होता, लग्नात आणि सभेत सारख्याच आवाजात बोलणारा. त्याने सुरू केलं आणि पहिल्या ओळीलाच मला कळलं की हे माझं नाही. ‘छातीचा कोट करून’ आलं, ‘अतिरेक्यांना कंठस्नान’ आलं, ‘शत्रूच्या गोळ्या अंगावर झेलत’ आलं. टाळ्या पडत गेल्या. ड्रायव्हर कुठेच नव्हता. वडिलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या चुलतभावाचा दंड धरला आणि हे काय केलंस, असं विचारलं.

त्याला माझा रागच कळेना. “ताई, लोकांना समजंल असं करून घेतलं,” तो म्हणाला. “ब्रेकचं काय सांगायचं लोकांना? अन् वरच्या साहेबाच्या इरोधात बोलला, हे काय मांडवात वाचायचं असतं? आपल्या माणसाला मोठंच केलंय ना?”

तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. गोळी लागल्याशिवाय शौर्य असतं हे त्याला पटत नव्हतं, म्हणून माझ्या भावाला त्याने प्रेमाने गोळ्या घातल्या. एरवी वरच्या साहेबाविरुद्ध कुणीतरी बोलावं म्हणून सगळा गाव वाट बघत असतो. तलाठी छळतो, वायरमन छळतो, बाजार समितीत काटा मारतात. आणि बोललेला माणूस समोर आला की त्याला रणगाड्यावर चढवायचं, म्हणजे आपल्याला त्याच्यासारखं वागायला नको.

भाऊ माइकपाशी गेला. “यातलं काहीही मी केलेलं नाही,” तो म्हणाला. “एक मुलगा निर्दोष होता, तेवढं मी सांगितलं. ते लिहिलं असेल तर घेतो.” शालीची घडी त्याने खुर्चीवर ठेवली, फेटा काढून त्यावर ठेवला आणि खाली उतरला.

मग निवेदकाने माइक ओढून घेतला आणि खऱ्या शूरवीराचा विनय कसा असतो ते बघा, म्हणून ओरडला. पुन्हा टाळ्या. मागच्या बायकांत मात्र कुणीतरी म्हणत होतं की काहीतरी असल्याशिवाय माणूस एवढा मान नाकारील का, चौकशी खरीच असणार. मी वळून बघितलं. बोलणारी माझी जुनी विद्यार्थिनी होती. तिने नमस्कार केला.

निवेदकाने वाचलेलं ते मानपत्र समितीने वाया जाऊ दिलं नाही. काचेत बसवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं आहे, भावाच्या फोटोसकट. झेंडावंदनाला त्याला हार घालतात. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, एवढंही कुणाला सुचत नाही. काढून टाका म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. गावाची शान आहे म्हणाले.

मिरवणुकीच्या त्या संध्याकाळी आम्ही तिघं घराच्या ओट्यावर बसलो होतो. भावाने गणवेशाचा कोट काढून ठेवला होता. मी रागाने एकेकाचा उद्धार करत होते. वडिलांनी हात वर करून मला थांबवलं.

“त्या पोराचा बाप व्हता का रं?” त्यांनी भावाला विचारलं.

भाऊ म्हणाला, होता. चौकशी संपल्यावर सुट्टी काढून तो त्याच्या गावी गेला होता. पंचांना बोलावलं, लोक जमवले आणि त्या बापाला शेजारी बसवून सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या मुलाची चूक नव्हती.

“समद्यांसमोर?”

“हो, बाबा.”

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. भाऊ खाली बघत होता. मला वाटलं, आता ते म्हणतील, झालं ते झालं, जेवायला वाढा.

“त्याच्या गावानं तरी ऐकून घेतलं,” वडील म्हणाले.